शंका शिवणकामाच्या : फॉ लेदरचे कपडे अंगाबरोबर करताना

फॉ लेदरची जॅकेटे, पँट आणि स्कर्ट लहान-मोठे करण्याबद्दल आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पुढची बहुतेक उत्तरे एका गोष्टीवर अवलंबून असल्यामुळे ती आधीच सांगतो. फॉ लेदर म्हणजे कापडाच्या एका बाजूवर दिलेला पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, अथवा पीव्हीसीचा थर. साध्या कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते आणि टीप उसवल्यावर धागे पुन्हा जागेवर येतात. प्लास्टिकच्या थराला पडलेले भोक मात्र कायमचे राहते. म्हणून या कपड्यात टीप कुठे घालायची, याचा निर्णय मशीनपाशी बसण्यापूर्वी झालेला असला पाहिजे.

प्रश्न : माझे फॉ लेदरचे जॅकेट खांद्यावर बरोबर बसते, पण छातीत आणि कमरेत चांगलेच सैल आहे. ते आत घेता येईल का, आणि किती घेता येईल?

उत्तर : येईल. खांदे बरोबर बसतात, म्हणजे निम्मे काम झालेलेच आहे, कारण खांदा कमी करायचा तर बाही काढून मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची गोलाई, नव्याने कापावा लागतो आणि बाहीचा गोल त्यात पुन्हा बसवावा लागतो. सुती कापडात बाहीचा जास्तीचा घेर वाफेच्या इस्त्रीने आटवता येतो. फॉ लेदर आटत नाही, त्यामुळे तिथे चुण्या पडतात.

आत घेण्याचे काम सोपे असण्याचे कारण असे की, नवी टीप जुन्या टिपेच्या आत येते आणि जुनी भोके मायेत, म्हणजे शिवणीपलीकडे आतून सोडलेल्या जास्तीच्या कापडात, लपतात. दोन्ही बाजूंच्या शिवणी प्रत्येकी १ सें.मी. आत घेतल्या, तर पुढचा आणि मागचा भाग धरून एकूण घेर ४ सें.मी.ने कमी होतो. केवळ बाजूच्या शिवणींतून ५ ते ६ सें.मी.पेक्षा जास्त घेर काढू नये, असे माझे मत आहे. त्यापलीकडे खिसे बगलेकडे सरकलेले दिसू लागतात आणि पाठीचा तोल जातो. अधिक कमी करायचे असेल आणि पाठीवर उभ्या शिवणी असतील, तर काही भाग त्यांतून काढावा. पाठीवरच्या शिवणींवर वरून दुहेरी टीप असेल, तर मात्र त्यांना हात लावण्यापूर्वी नीट विचार करावा, कारण शिवण उसवल्यावर त्या वरच्या टिपेच्या भोकांपैकी काही दर्शनी बाजूला उरण्याचा धोका असतो.

छातीतही कमी करायचे असल्यामुळे बाजूची शिवण बगलेपर्यंत आत घ्यावी लागेल, आणि तेवढा मुंढा लहान होईल. तेव्हा तीच टीप बगलेत न थांबवता बाहीच्या खालच्या शिवणीवर पुढे न्यावी आणि कोपराच्या आसपास ती जुन्या टिपेला अलगद मिळवावी. त्यासाठी बगलेजवळची मुंढ्याची टीप चार-पाच सेंटिमीटर उसवावी लागते आणि शेवटी पुन्हा घालावी लागते.

अस्तर असेल तर ते पाहून घाबरू नये. बहुतेक तयार जॅकेटांत एका बाहीच्या अस्तराच्या शिवणीवर वीतभर लांबीची, कडेला लागून घातलेली टीप दिसते. कारखान्यात जॅकेट उलटून झाल्यावर राहिलेली फट तिथे बंद केलेली असते. ती टीप उसवली की सगळे जॅकेट त्यातून आतून बाहेर काढता येते. अस्तरही त्याच शिवणींत आत घ्यावे, पण वरच्या थरापेक्षा किंचित कमी, म्हणजे हात पुढे केल्यावर ते ताणले जाणार नाही.

राहिला प्रश्न कच्च्या शिलाईचा. नेहमीप्रमाणे नव्या टिपेच्या रेषेवरच धावदोरा घातला, तर ती भोके नंतर टिपेच्या आजूबाजूला दिसतात. त्याऐवजी धावदोरा रेषेपासून २ ते ३ मि.मी. मायेच्या बाजूला घालावा, जॅकेट घालून आरशासमोर हात वर, पुढे आणि मागे करून पाहावे, आणि मन भरल्यावरच मशीनची टीप मारावी. जास्तीची माया लगेच कापू नये. एकदा पूर्ण तयार जॅकेट अंगात घालून पाहिल्यावर ती १ सें.मी. ठेवून कापावी.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी चपखल बसणारे जॅकेट आता छातीत घट्ट होते. खऱ्या लेदरप्रमाणे तेही गरम करून, ओढून सैल करता येते असे ऐकले आहे. हेअर ड्रायर वापरून पाहू का?

उत्तर : कृपया वापरू नका. खरे चामडे हे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचे असते आणि ओलावा व ताण मिळाल्यावर ते तंतू सरकून थोड्याफार प्रमाणात नव्या आकारात राहतात. फॉ लेदरमध्ये ताण पेलतो तो थराखालचा कापडाचा पाया. उष्णतेने वरचा थर मऊ पडतो, ओढल्यावर ताणला जातो, आणि हात सोडला की कापड पूर्ववत आखडते. मग थरावर सुरकुत्या राहतात किंवा पुढे तिथेच भेगा पडतात. घेर मात्र होता तेवढाच राहतो.

माया सोडून सैल करण्याचा विचारही बहुधा सोडून द्यावा लागेल. तयार कपड्यांत माया जेमतेम १ सें.मी. असते, तीही पुष्कळदा आतून चिकटवलेली असते, आणि ती सोडली की जुन्या टिपेची भोके टपाल तिकिटाच्या कडेसारखी रांगेने दर्शनी बाजूला येतात. रंग किंवा मेण भरून ती बुजवण्याचे उपाय सुचवले जातात. ते दिसायला चार दिवस बरे वाटतात, पण तिथला थर कमकुवत झालेला असतो आणि ताण आला की त्याच रेषेवर फाटतो.

खरा उपाय भर घालण्याचा आहे. खालच्या कडेपासून बगलेपर्यंत आणि तिथून बाहीच्या खालच्या शिवणीने कोपरापर्यंत किंवा थेट मनगटापर्यंत एक सलग पट्टी घालावी. त्याच रंगाचे फॉ लेदर शोधण्यात वेळ घालवू नये, असे मी सांगेन. काळ्यातही छटा, चमक आणि दाण्याची उमट इतकी निरनिराळी असते की जवळपास जुळणारा तुकडा हा अजिबात न जुळणाऱ्या तुकड्यापेक्षा जास्त खटकतो. त्यापेक्षा जाड, ताणले जाणारे होजिअरी कापड किंवा स्वेटरच्या कफाला असते तसे रिब मुद्दाम वेगळे दिसेल असे वापरावे. ते अंगाबरोबर हलते आणि जॅकेट मुळात तसेच शिवले असावे असे दिसते.

पट्टीच्या मापात एक मेख आहे, ती नीट समजून घ्यावी. नवी टीप जुन्याच भोकांवरून घातली तर शिवण कमकुवत होते, म्हणून ती जुन्या रेषेपासून ३ मि.मी. आत, जॅकेटच्या अंगाकडे घालावी लागते. प्रत्येक पट्टीला दोन शिवणी असल्यामुळे एका बाजूला ६ मि.मी. असे फुकट जातात. समजा आपल्याला एकूण ६ सें.मी. घेर वाढवायचा आहे. मग प्रत्येक बाजूला ३ सें.मी. नव्हे, तर ३.६ सें.मी. तयार रुंदीची पट्टी हवी, आणि दोन्हीकडची १ सें.मी. माया धरून ती ५.६ सें.मी. रुंद कापावी लागेल. पट्टी बगलेतून बाहीत वळते तिथे मुंढ्याचाही घेर वाढतो, हा फायदाच आहे. अस्तरालाही तेवढीच भर घालावी, नाहीतर सगळा ताण अस्तरावर येऊन ते मुंढ्यात उसवेल.

छातीत नाही, फक्त हात वर करताना बगलेत काचत असेल, तर पूर्ण पट्टीची गरज नाही. तिथे रिबची हिऱ्याच्या आकाराची कळी, म्हणजे छोटा जोडतुकडा, बसवली तरी पुरते.

प्रश्न : घरच्या साध्या मशीनवर फॉ लेदरचा स्कर्ट आत घेत होते. कापड पुढे सरकेना, टाके कुठे बारीक तर कुठे सुटलेले आले. लेदरची सुई आणूनही फरक पडला नाही. काय चुकते आहे?

उत्तर : कापड न सरकणे आणि टाके सुटणे या दोन निराळ्या अडचणी आहेत.

पहिली अडचण मशीनच्या, सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या, धातूच्या पायाची. तो थराला चिकटून राहतो, खालचे दाते खालचा पदर पुढे ढकलतात, वरचा पदर मागे राहतो, आणि सुई एकाच जागी टाके घालत बसते. टेफ्लॉनचा किंवा चाकाचा पाय मिळाला तर उत्तम. दोन्ही पदर बरोबरीने सरकवणारा वॉकिंग फूट त्याहून चांगला, विशेषतः लांब शिवणींना. यांपैकी काहीच नसेल तर पायाखाली पातळ ट्रेसिंग पेपरची पट्टी धरून त्यावरूनच टीप घालावी आणि मग कागद अलगद फाडून काढावा. दातेही दर्शनी बाजूवर ओरखडे काढतात, त्यामुळे तो भाग खाली येत असेल तिथे कागद दोन्हीकडे घ्यावा. पायाचा दाब कमी करण्याचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करावा.

दुसरी अडचण सुईची, आणि इथे नाव फसवते. लेदरच्या सुईचे टोक धारदार पात्यासारखे असते; ती खऱ्या चामड्याला चीर पाडून पुढे जाते. पातळ पीयूमध्ये ती चीर विनाकारण मोठी होते आणि दोन चिरांमधला थर तुटू शकतो. कपड्यांच्या फॉ लेदरला तीक्ष्ण टोकाची ८० किंवा ९० नंबरची सुई, म्हणजे मायक्रोटेक्स किंवा जीन्सची, बहुधा पुरते. आपल्या स्कर्टचे कापड मागून होजिअरीसारखे असेल आणि ते ताणले जात असेल, तर स्ट्रेच सुई लावून पाहावी. टाके सुटण्याचे कारण पुष्कळदा तेच असते. सुई नवी असावी. टीप घालताना टकटक आवाज येऊ लागला की ती बोथट झाली आहे असे समजून बदलावी.

टाक्याची लांबी ३ ते ३.५ मि.मी. ठेवावी, वरून दिसणाऱ्या टिपेला ४ मि.मी.पर्यंत. बारीक टाक्याने शिवण पक्की होते हा सुती कापडाचा नियम इथे उलटा लागू होतो, कारण भोके जितकी जवळ, तितकी ती रेषा फाटण्यास तयार. त्याच कारणासाठी सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप घालू नये. दोरे लांब सोडून आतल्या बाजूला हाताने गाठ मारावी. दोरा पॉलिस्टरचा घ्यावा. टाचण्यांऐवजी कागदाला लावायचे किंवा केसांचे चपटे चिमटे वापरावेत, आणि टाचणी लावायचीच झाली तर ती मायेतच लावावी.

हे सगळे प्रत्यक्ष स्कर्टवर करण्यापूर्वी खालच्या दुमडीच्या आतला छोटा तुकडा काढून त्यावर टीप घालून पाहावी. आधीची बिघडलेली टीप उसवताना दोरा खेचू नये. आतल्या बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापावा आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढून काढावा, म्हणजे भोके आणखी मोठी होत नाहीत.

प्रश्न : पँटची उंची कमी करायची आहे, पण इस्त्री चालत नाही म्हणतात. मग दुमड बसणार कशी?

उत्तर : पीव्हीसीला इस्त्री अजिबात लावू नये. पीयूला अगदी मंद इस्त्री, तीही उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून आणि वाफ बंद करून क्षणभर टेकवता येते. पण दुमड बसवण्यासाठी तिची गरज नाही. कापडाच्या बाजूवर पातळ फेव्हिकॉल न लावता, सुकल्यावरही लवचिक राहणारा चामड्याच्या कामाचा गोंद ब्रशने पातळ लावावा, थोडा सुकू द्यावा, दुमड घालून लाकडी लाटण्यासारख्या गोल वस्तूने दाबत न्यावी आणि वर जाड पुस्तके ठेवून रात्रभर सोडावे. गोंद कापडाला धरतो आणि थरावर कमी धरतो, त्यामुळे दुमड एकाच पदराची ठेवावी. कडा आत दुहेरी मोडू नये. मागचे कापड होजिअरीचे असेल तर कापलेली कड सुटत नाही. गोंदाची परीक्षा मात्र आधी कापलेल्या तुकड्यावर घ्यावी, कारण काही गोंदांतील द्रावकाने पीव्हीसी आकसते किंवा दर्शनी बाजूला फुगवटे येतात.

टीप घालणार असाल तर आतल्या बाजूच्या पायशिवणीपासून सुरुवात करावी, म्हणजे दोऱ्याच्या गाठी पुढून दिसत नाहीत. पँटच्या उभ्या शिवणीच्या जाड उंचवट्याशी मशीन अडले तर मशीनच्या पायाच्या मागच्या बाजूखाली दुमडलेला जाड कागद सरकवून तो पाय सपाट करावा आणि ते तीन-चार टाके चाक हाताने फिरवून घालावेत.

अरुंद पँटच्या बाबतीत कापण्यापूर्वी घोट्याचा घेर मोजावा. घोट्याकडून वर जावे तशी पँट रुंद होत असेल, तर दुमडीचा आतला पदर बाहेरच्या पदरापेक्षा लहान पडतो आणि थर न ताणल्यामुळे खाली चुण्या येतात. दुमड २ सें.मी.पेक्षा कमी ठेवली की हा त्रास फारसा होत नाही.

प्रश्न : जॅकेटच्या बाह्या लांब आहेत, पण मनगटावर चेन आहे. कुठून कमी कराव्यात?

उत्तर : खांद्याकडून. मनगटाकडून कमी करायच्या तर चेन काढून तिची फट नव्याने कापावी लागते आणि जुन्या फटीची भोके आडवी येतात. बाही काढून वरच्या गोलाच्या आकाराची प्रत कागदावर घ्यावी, ती हव्या तितक्या अंतरावर खाली ठेवून नवा गोल आखावा. बाही खाली अरुंद होत जाते, त्यामुळे नवा गोल मुंढ्यापेक्षा लहान पडतो का हे कापण्यापूर्वी मोजून पाहावे. २ ते ३ सें.मी.पर्यंत सहसा जमते. हे काम अनुभवी शिंप्याकडे द्यावे, आणि देताना अशा कापडाचे काम पूर्वी केले आहे का, हे सरळ विचारावे. दोन सेंटिमीटरच जास्त असतील आणि आपल्याला चालत असेल, तर बाह्या दुमडून वापरल्यास काही बिघडत नाही.

प्रश्न : शिंप्याने माझे जॅकेट हातात घेऊन पाहिले आणि काम करण्यास नकार दिला. कोपरावर आणि कॉलरवर थोडेसे सोलले आहे, बाकी ते नव्यासारखे दिसते. दुसरीकडे दाखवू का?

उत्तर : त्याचा नकार योग्य आहे असे मला वाटते. पीयूचा थर हवेतील ओलाव्यामुळे हळूहळू विघटित होतो. पॉलिस्टर प्रकारच्या पीयूमध्ये हे विशेष घडते, आणि कपाटात न वापरता ठेवलेले जॅकेटही त्यातून सुटत नाही. कोपर आणि कॉलर या सतत घडी पडणाऱ्या, घाम लागणाऱ्या जागा असल्यामुळे ते तिथे आधी दिसते इतकेच. बाकीचा थरही त्याच वयाचा आहे. अशा जॅकेटला मशीनवर घातले की दात्यांच्या आणि पायाच्या घर्षणाने नव्या शिवणीच्या दोन्ही बाजूंनी पापुद्रे निघू लागतात.

खात्री करायची असेल तर आतल्या बाजूची, सहसा न दिसणारी जागा शोधावी, ती दुमडून अंगठ्याने घट्ट दाबावी आणि नखाने कडेला हलके खरवडून पाहावे. पांढुरक्या भेगा दिसल्या, पापुद्रा उचलला गेला किंवा बोटाला चिकटपणा लागला, तर त्या जॅकेटवर शिलाईचा खर्च करू नये. पीव्हीसीचे वागणे वेगळे असते: त्यातील मऊपणा आणणारे द्रव्य कालांतराने बाहेर येते, म्हणून ते आधी चिकट लागते आणि मग कडक होऊन घडीवर तडकते. ड्रायक्लीनिंगच्या द्रावकानेही पीव्हीसी असेच कडक होऊ शकते, म्हणून आतले लेबल वाचूनच कपडा धुण्यास द्यावा.

सोलणारे जॅकेट टाकून द्यावे असे नाही. त्याची चेन, बटणे आणि अस्तर चांगले असतील तर काढून ठेवावेत, आणि जॅकेटची बसण बरोबर असेल तर शिवणी उसवून त्याचे भाग कागदावर उतरवून घ्यावेत. पुढच्या जॅकेटसाठी इतका चोख नमुना दुसरा मिळणार नाही.

प्रश्न : गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये टाकल्यास फॉ लेदर आकसते का?

उत्तर : थराखालचे कापड सुती किंवा व्हिस्कोजचे असेल तर ते थोडे आकसेल, वरचा थर आकसणार नाही, आणि दोन्ही एकमेकांपासून सुटतील. त्यातून फिटिंग मिळत नाही.

प्रश्न : मापाच्या खुणा बॉलपेनने केल्या होत्या. आता पांढऱ्या स्कर्टवर निळी रेघ उमटली आहे. ती कशी काढावी?

उत्तर : स्कर्ट पीव्हीसीचा असेल तर शाई थरात मुरलेली असते आणि ती पूर्णपणे निघण्याची शक्यता कमी आहे. कापसाच्या बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन, आधी आतल्या कोपऱ्यावर पाहून, रेघेवर टिपावे. घासू नये, आणि चमक जाऊ लागली की लगेच थांबावे. पुढच्या वेळी खुणा नेहमी उलट्या बाजूला, शिंप्याच्या खडूने कराव्यात. मायेच्या आत केलेली शाईची खूणही फिकट रंगाच्या पीव्हीसीमधून कालांतराने वर दिसू शकते.

प्रश्न : स्कर्टचा कंबरपट्टा दोन-तीन सेंटिमीटर सैल आहे, नितंबांवर मात्र तो बरोबर बसतो. बाजूच्या शिवणी उसवाव्यात का?

उत्तर : इतक्या फरकासाठी उसवू नयेत. कंबरपट्ट्याच्या मागच्या भागाचे अस्तर आतून दोन ठिकाणी थोडे उघडावे, त्यातून रुंद इलॅस्टिक ओवावे, ते हवे तेवढे ओढून दोन्ही टोके बाजूच्या शिवणींच्या मायेवर हाताने पक्की करावीत आणि अस्तर पुन्हा शिवून टाकावे. दर्शनी थराला एकही नवे भोक पडत नाही, आणि पुढे कंबर वाढली तर इलॅस्टिक काढून टाकता येते.